नाकावर टिच्चून घेतलेलं रीळ

आमच्या शिनोलीला समुद्र नाही. ही काही लपवायची गोष्ट नाही, पण माझ्या व्याह्यांना ती दर भेटीत नव्यानं सापडायची. "तुमच्याकडं काय, धरण," असं ते म्हणायचे, आणि 'धरण' हा शब्द असा टाकायचे की डिंभ्याचं एवढं अथांग पाणी म्हणजे म्हशी डुंबायचं डबकं वाटावं.

माझी एकुलती लेक अलिबागच्या पुढं, समुद्राला खेटून असलेल्या एका गावात दिली आहे. दिली कसली, पुण्यात शिकताना तिनंच ठरवलं आणि आम्ही अक्षता टाकल्या. मुलगा चांगला आहे. तिकडंच एका कारखान्यात पाळीनं कामाला जातो, घरी आला की लेकीला हाताखाली मदत करतो. जावयाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या बापाबद्दल, आणि ती मी इथं सावकाश मांडणार आहे.

व्याही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नारळ-पोफळीची थोडी वाडी, गोल पांढरी टोपी, इस्त्रीची पँट, आणि रोज संध्याकाळी किनाऱ्यावर गळ टाकून मासे धरायचा नाद. त्यांच्यासारखेच आणखी चार-पाच निवृत्त लोक तिथं काठ्या घेऊन उभे असतात. मासे थोडे मिळतात, गप्पा पुष्कळ.

मुलीच्या बापानं कसं वागावं याचे नियम कुठं लिहून ठेवलेले नाहीत, पण चुकले की सगळ्यांना कळतात. व्याह्यांकडं गेलं की आधी हात जोडायचे, मग बसायचं. त्यांनी विनोद केला की हसायचं. आपल्यावरच केला तर जरा जास्त हसायचं. उलट बोलायचं नाही, कारण आपण बोलून गाडीत बसून निघून येतो आणि त्या शब्दाची भरपाई पोरीला करावी लागते, रोज, चहाच्या कपाबरोबर. मी तापट माणूस आहे. आमच्या गावात माझ्या बांधाला बांध असलेले लोक मला विचारून नांगर घालतात. पण व्याह्यांच्या ओट्यावर मी गरीब गाय व्हायचो.

लेकीच्या लग्नानंतर आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा तिकडं मुक्कामाला गेलो ते थंडीचे दिवस होते. कांदे, बटाटे, इंद्रायणी तांदूळ असं सगळं गाडीत भरून नेलं. जेवणं झाली, दुपारची झोप झाली, आणि व्याही म्हणाले, "चला, तुम्हाला समुद्र दाखवतो." जणू तो त्यांनीच बांधून घेतला होता.

किनाऱ्यावर त्यांनी माझ्या हातात काठी दिली. धरणावर मी जाळं टाकलेलं आहे, हातानं गळही टाकला आहे, पण काठीला लावलेलं, दांडीनं दोरा गुंडाळायचं रीळ कधी हातात धरलं नव्हतं. मी काठी अशी धरली की रीळ वरच्या अंगाला आलं, आणि दांडी फिरवायला गेलो तर फिरेना. मी जोर लावला.

"अहो व्याही, उलटं धरलंय! रीळ काठीच्या खाली असतं," व्याही ओरडले. "आणि दमानं. विहिरीचा रहाट नाही तो!"

इथवर ठीक होतं. मी हसलो, नियमाप्रमाणे जरा जास्तच हसलो. पण माणसाला टाळ्या मिळाल्या की थांबता येत नाही. त्यांनी आपल्या मित्रांकडं तोंड केलं आणि म्हणाले, "सुनेला साधा बोंबील साफ करता येत नाही, बापाला रीळ धरता येत नाही. घाटावरून आलेला मालच उलटा!"

सगळे हसले. माझ्या मागं माझी लेक चहाचा थर्मास घेऊन उभी होती. मी वळून बघितलं तेव्हा तिची मान खाली गेली होती, आणि ती पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होती. ही पोर शाळेत मारकुट्या मास्तरांपुढंही मान खाली घालत नसे. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर तो तिच्या त्या वाकलेल्या मानेचा. मला म्हणा काय म्हणायचं ते. बिनसमुद्राच्या गावचा म्हणा, अडाणी म्हणा. पण माझ्या पोरीला माल म्हणता?

परतीच्या वाटेवर खोपोलीचा घाट मी एकदाही न थांबता, रागारागानं गाडी हाणत चढलो. शेवटी बायकोच बोलली.

"जाऊ द्या आता. त्यांचा सोभावच तसा हाय. पोटात काय नस्तंय."

"सोभावाला औशद नाय म्हणत्यात," मी म्हणालो. "आपुन काढू."

"आवं, पर लेक तिथं नांदतीय."

"म्हणूनच तोंडानं काय बोलणार न्हाई मी."

साप डूख धरतो म्हणतात ते खरं की खोटं मला माहीत नाही. माणूस धरतो, हे खरं. त्यानंतर लेकीचा फोन आला की मी आडून आडून विचारायचो, आणि ती हसत हसत सांगायची. तिकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर ते बोंबलाचं आणि रिळाचं वाक्य ताटातल्या लोणच्यासारखं वाढलं जायचं. ती सुरमई कापायला शिकली, कोळंबी सोलायला शिकली, पण वाक्य काही बदललं नाही. ती नव्यानं काय शिकली याची त्या घरात कुणी दखलच घेत नव्हतं.

मग मी ठरवलं. त्या किनाऱ्यावर जिताड्याचा मान मोठा. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं तो सापडतो, अंगानं दांडगा, चवीला असा की लोक साहेबांना भेट म्हणून पाठवतात. व्याह्यांनी कधीतरी काठीनं एक जिताडा काढला होता आणि त्याच्यासोबतचा फोटो चौकटीत घालून बैठकीत लावला होता, देवांच्या तसबिरींच्या ओळीत. मला त्याच किनाऱ्यावर, त्याच मित्रांसमोर, त्या फोटोपेक्षा मोठा जिताडा काढायचा होता. तो व्याह्यांच्या पायाशी ठेवायचा होता. आणि एकच वाक्य म्हणायचं होतं, "घ्या व्याही, घाटावरचा माल." बस. याला कुणी उलट बोलणं म्हणू शकलं नसतं, आणि माझ्या पोरीची मान त्या वाळूवर पुन्हा खाली गेली नसती.

याच दिवसांत एका लग्नाला आहुप्याला गेलो होतो. तिथं कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं. लोक तिथं उभे राहून फोटो काढतात. मी उभा राहून व्याह्यांचं गाव कुठल्या अंगाला असेल याचा अंदाज घेत होतो. दिसत काहीच नव्हतं, धुरकट होतं, तरी मी बराच वेळ तिकडं रोखून बघितलं. आपण वर आहोत आणि ते खाली, एवढ्यानंही मला त्या दिवशी बरं वाटलं.

जुन्नरच्या बाजारपेठेत दोरखंड, ताडपत्र्या आणि धरणावरच्या लोकांसाठी जाळी विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. माणूस बोलघेवडा आणि बेरकी, पडून राहिलेला माल गळ्यात मारण्यात पटाईत. त्याची बहीण समुद्राकडं दिलेली, त्यामुळं त्याच्याकडं काचेच्या कपाटात रिळंही असतात हे मला ठाऊक होतं.

"रीळ दाखव," मी म्हणालो.

"धरणाला का?"

"समुद्राला."

त्यानं चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "भाऊ, तुमी शिनोलीचं ना? समुद्र कवा आला तिकडं?"

"त्यो न्हाई आला. मी जाणार हाय."

मी कपाटातल्या सगळ्यात मोठ्या रिळावर बोट ठेवलं. आमच्याकडं मोटर घेताना लागते त्यापेक्षा एक माप मोठीच घेतात, कारण वीज कमी दाबानं येते. मोठं घेतलेलं वाया जात नाही, हा आमचा शेतकऱ्यांचा ठाम समज. चाचानं ते रीळ एका काठीला लावून माझ्या हातात दिलं.

"हात लांब करा. आता तसंच उभं ऱ्हावा."

आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला ताडपत्री मोजून द्यायला निघून गेला. ताडपत्रीचं माप झालं, घासाघीस झाली, घडी झाली. माझा खांदा भरून आला, पण मी काठी खाली केली नाही. असल्या बाबतीत मी गाढव आहे.

"ह्ये बोटीवालं हाय," परत येऊन तो म्हणाला. "बोटीत बसून मोठा मासा वढायला. किनाऱ्यावर उभं राहून सारखं फेकायचं आन् सारखं गुंडाळायचं. खांदा व्हय म्हणंल का तुमचा?"

मग त्यानं चिमुकलं एक रीळ काढलं. ते धरणाचं. गोड्या पाण्यात जन्मभर चालेल, पण समुद्रावर वाळू आणि खार आत शिरली की दांडी अडकते. ते त्यानं नुसतं दाखवून परत ठेवलं. शेवटी मधल्या आकाराचं एक काळं रीळ त्यानं काउंटरवर मांडलं, आणि आपल्या लेकराच्या प्रगतिपुस्तकाबद्दल बोलावं तसा बोलू लागला. "नवशिक्यानं ह्येच घ्यावं. हितं रबराचं सील हाय, खारं पाणी आत जात न्हाई. वापरून झालं का नळाखाली जोरात धरू नका, मीठ उलटं आत घुसतंय. वल्या फडक्यानं पुसा. ही तारंची कडी फेकताना उघडायची आन् हातानं बंद करायची. दांडीनं खटकन बंद केली का म्होरं बिघडती."

"आन् ह्यो समोरचा नट?"

"त्यो ड्रॅग, दोरा आवळायचा-सोडायचा. खरी गंमत त्याच्यात. लई आवळला तर मासा झटका मारतो आन् दोरा तुटतो. लई सैल सोडला तर मासा दोरा घिऊन गावाला जातो. बैलाचा कासरा कसा धरता? सोडायचा, पर हातातनं न्हाई जाऊ द्यायचा."

हे मला लगेच कळलं. मी दांडी फिरवून बघितली. एका फेऱ्याला तारेची कडी दोऱ्याच्या फिरकीभोवती पाच वेढे घेत होती. मी विचारलं, जास्त वेढ्यांचं नाही का.

"घाई कुणाला हाय? माशाला का तुमाला?"

"मला."

चाचा हसला. "भाऊ, एक इचारू? कुणावर राग हाय?"

"का रं?"

"हौसंनं घेणारा माणूस रंग बघतो. तुमी मघापास्नं नुसतं कोयत्याची धार बघावी तसं बघताय."

मी त्याला काही सांगितलं नाही, पण मनातून खूश झालो. राग दिसतोय म्हणजे अजून ताजा आहे.

मग दोरा भरायची वेळ आली, आणि तिथं माझ्यातला शेतकरी जागा झाला. दोरा मी भारीतला निवडला होता, बारीक विणीचा, पोलादासारखा चिवट. चाचानं रीळ अडकवलं, आणि खणातून साधं पांढरं नायलॉनचं तंगूस काढून फिरकीवर गुंडाळायला लागला. आता, मंचरच्या बाजारात माझी हयात गेली आहे. गोणीच्या तोंडाशी मोठा गोळा कांदा आणि बुडाशी बारकी गोल्टी भरणारे लोक मी लांबून ओळखतो. वर चांगलं, खाली हलकं, हे बघितलं की माझा हात आपोआप त्या माणसाच्या गचांडीकडं जातो.

"ए चाचा, ह्ये काय चाललंय? खाली सस्तातलं आन् वर भारीतलं?"

"आवं, त्ये बुडाला लागतंय. ह्यो विणीचा दोरा गुळगुळीत अस्तो, त्येला धरायला..."

"मला शिकवू नको. गोणी वतून बघणारा माणूस हाय मी. बुडापातूर चांगला दोरा भर."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तंगुसाकडं, आणि तंगूस कापून टाकलं. "तुमी म्हणाल तसं. माझं काय, दोरा जास्तच खपतोय."

मी मिशीत हसत बाहेर पडलो. व्याह्यांचा नंबर नंतर, आधी एका बेरक्या दुकानदाराची लबाडी पकडली होती.

सराव मी उन्हाळ्यात, कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात केला. दोऱ्याच्या टोकाला शिशाचा गोळा बांधायचा आणि फेकायचा. पहिल्या दिवशी गोळा पुढं जायच्या ऐवजी मागं शेवग्यावर गेला. दुसऱ्या दिवशी विजेच्या तारेवर. दोऱ्यावरचं बोट नेमकं कधी सोडायचं याचा अंदाज यायला बरेच दिवस लागले. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून बघायचे. "काय राव, कांदं संपलं, आता मुळ्या गळानं काढताय व्हय?" असं एक जण म्हणाला, आणि ते गावभर झालं.

"लोकं इचारत्यात, ह्यांचं डोकं बरं हाय ना म्हणून," बायको एकदा कावून म्हणाली. "मी काय सांगू?"

"सांग, व्याह्यांकडं जायचंय."

"मग कुणी इचारायचंच न्हाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

वावराच्या टोकाला एक बुजगावणं होतं. त्याला मी गोल पांढरी टोपी घातली. त्यानंतर माझा नेम फार लवकर सुधारला. पावसाळ्याआधी मी दहातले आठ गोळे त्या टोपीच्या आसपास पाडत होतो, आणि त्यातला एखादा टोपीवर बसला की रात्री भाकरी जास्त जायची. सुक्या मातीवरनं शिसं ओढून घ्यायला काहीच जोर लागत नाही. त्यामुळं रिळात काही खोट असेल अशी शंका यायचं कारणच नव्हतं.

दसरा झाला, आणि दिवाळीला लेकीला माहेरी आणायच्या निमित्तानं आम्ही तिकडं गेलो. जावई कामावर होता. मी चहा होताच काठी काढली. व्याह्यांनी रीळ हातात घेऊन उलटसुलट बघितलं, दांडी फिरवली, आणि त्यांना त्यात नाव ठेवायला काही सापडलं नाही, हे मी त्यांच्या तोंडावरून टिपलं. किनाऱ्यावर तीच मंडळी होती.

"बघा हो बघा," व्याही म्हणाले, "आमच्या व्याह्यांनी रीळ आणलंय. आणि आज सरळ धरलंय!"

हसा म्हटलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गळाला कोळंबी लावली, पाण्यात शिरलो आणि फेकलं. माझं शिसं व्याह्यांच्या शिशाच्या बरंच पलीकडं पडलं. हसणं थांबलं. त्या शांततेसाठी मी अख्खा उन्हाळा ऊन खाल्लं होतं आणि ते वसूल झालं. लेक पुन्हा थर्मास घेऊन मागं येऊन उभी होती. मी तिच्याकडं बघून भुवई उडवली. ती हसली नाही. तिचं लक्ष सासऱ्यांकडं होतं.

भरती चढत होती, सूर्य अजून हातभर वर होता, आणि काठी वाकली. अशी वाकली की मी दोन पावलं पुढं ओढलो गेलो. लांब पाण्यात रुपेरी पाठ उसळली आणि व्याही स्वतःची काठी टाकून ओरडले, "जिताडा! अहो, जिताडा आहे!"

मला तेवढंच ऐकायचं होतं. मी दांडी फिरवली. दांडी फिरत राहिली, आणि दोरा वीतभरही आत आला नाही. ड्रॅग आवळला. फिरकी जागची हलत नव्हती, पण तिच्यावरचा दोऱ्याचा सगळा गठ्ठाच सैल बांगडीसारखा गोल फिरत होता. गुळगुळीत दोरा गुळगुळीत धातूवर घसरत होता, बुडाशी धरायला काही नव्हतं. चाचाचं मी तोडलेलं वाक्य मला तिथं गुडघाभर पाण्यात पुरं ऐकू आलं.

"फिरवा की व्याही!" मागनं व्याह्यांचा आवाज आला.

"फिरवतोय!"

"मग येत का नाही?" आणि मग, मित्रांसाठी, जरा मोठ्यानं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

पुन्हा हसणं. मला वाटलं काठी टाकावी आणि आधी ती टोपी समुद्रात फेकावी. पण हातात मासा होता. आमच्याकडं नदीकाठच्या प्रत्येक घराला एक काम येतं. धरणातून पाणी सुटलं की घोड नदी फुगते, आणि काठावरची मोटर वाहून जायच्या आत वर काढायची असते. नुसत्या हातानं ती येत नाही. दोर खांद्यावर घ्यायचा, नदीकडं पाठ करायची आणि चालायला लागायचं. माझ्या लेकीनं हे काम शाळेत असल्यापासून माझ्याबरोबर केलेलं आहे.

"पोरी!" मी ओरडलो. "मोटर!"

तिथं कुणालाच काही कळलं नाही. तिला कळलं. तिनं थर्मास वाळूत रोवला, ओढणी काढून दोन्ही हातांना गुंडाळली आणि पाण्यात आली. मी काठीचं टोक खाली केलं. तिनं दोरा धरला, ओढणीवरून वेढा घेतला, खांद्यावर टाकला आणि समुद्राकडं पाठ करून चालू लागली. माशानं हिसका दिला तशी ती मागं घसरली, गुडघ्यावर आली, पुन्हा उठली.

व्याह्यांचं हसणं आता बंद झालं होतं. ते धावत तिच्याजवळ गेले. "अगं, अशी नाही! लाट येईल तेव्हा चाल! लाट परत फिरली की थांब, नुसतं धरून ठेव!"

एवढं त्यांना येतं, हे मी कबूल करतो, आणि नाइलाजानं करतो. लेकीनं ऐकलं. लाट आली की ती चालायची, लाट फिरली की टाचा वाळूत रोवून उभी राहायची. असं करत करत ती सुरूच्या झाडांपर्यंत गेली, आणि एका मोठ्या लाटेबरोबर तो जिताडा उथळ पाण्यात आडवा झाला. व्याही इस्त्रीच्या पँटीसकट पाण्यात पडले आणि दोन्ही हातांनी त्याला वाळूवर ढकलत घेऊन आले. मासा फोटोतल्यापेक्षा मोठा होता. मी डोळ्यांनीच मोजून घेतलं.

लोक जमले. पलीकडच्या दोन-चार गाड्यांतले पर्यटकही धावत आले. "कुणी काढला, कुणी काढला?" मी काठी टाकून पुढं झालो. वाक्य ओठावर होतं. गेल्या किती तरी रात्री मी ते घोळवलं होतं.

"आमच्या सुनेनं!" व्याही ओरडले. ओलेचिंब, टोपी गेलेली, छाती पुढं. "आमची सून आहे ही! घाटावरची आहे, घाटावरची! असं ओढलंय बघा!"

तोच शब्द, तेच तोंड. माझा मासा, माझं रीळ, माझी लेक, आणि माझा सूडसुद्धा त्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत उचलून आपल्या घरात नेऊन ठेवला. मी तसाच उभा. माझं वाक्य आता कुणाला म्हणायचं? लोक व्याह्यांचं अभिनंदन करत होते. आयुष्यात मी इतका जळफळलेला नाही.

लेक हळूहळू हातावरची ओढणी सोडत होती. तळव्यावर दोऱ्याची लाल रेघ उठली होती आणि तिथून थोडं रक्त येत होतं. गर्दी जरा शांत झाली तशी ती सासऱ्यांना म्हणाली, अगदी आदरानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाबा, पण साफ तुम्हीच करायचा हं. मला कुठं येतं? तुम्हीच सगळ्यांना सांगता ना."

मग व्याह्यांचा एक मित्र फिस्सकन हसला, आणि मग सगळेच. व्याहीही हसले. जरा जास्तच हसले. ते हसणं मी कुठंही ओळखीन.

घरी आल्यावर विहीणबाईंनी लेकीच्या हातावर हळद लावली. मग त्यांनी विळी आणली आणि अंगणातल्या नळापाशी, व्याह्यांपुढं ठेवली. बायको आत तांदूळ निवडत बसली. मी ओट्याच्या कडेला बसलो होतो, लेक येऊन शेजारी बसली. तिकडं राहून तिची बोली बदलली आहे, पण माझ्याशी ती घरचंच बोलते.

"आबा, त्ये रीळ आता परत नका आणू."

"का? आज न्हाई तर फुडच्या येळंला..."

"तुमी जिकून जाता, हितं मी ऱ्हाती. हितलं माझं मी बघती."

ती रागानं बोलली नाही, ते मला जास्त लागलं. मी नुसता एका हंगामाचा डूख धरला होता. ही पोर तिथं रोज जेवण वाढत, भांडी घासत, हसत, सगळं एकेक करून जपून ठेवत आली होती, आणि आज तिनं त्यातलं एकच काढलं होतं. बाकीचं अजून शिल्लक होतं. मला अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

नळापाशी व्याही उकिडवे बसून खवले काढत होते. खवले त्यांच्या शर्टावर, भुवयांवर उडत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "सूनबाई, डोकं कालवणाला वेगळं ठेवू का?"

ती जागची उठली नाही. हळद लावलेला हात मांडीवर ठेवून, ओट्यावर बसल्या बसल्याच म्हणाली, "ठेवा."